'एक वाचक' यांच्या धारपांवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. नाव दिलेलं नाही, म्हणून 'एक वाचक' असंच म्हणते.

भयकथाकार नारायण धारपांच्या जन्मशताब्दीनिमित्त मी लिहिलेल्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. धारपांनी इंग्रजीवरून उचललं, त्यांची स्त्री पात्रं कच्ची, शेवट गुंडाळलेले, आणि 'तुंबाड' सिनेमा आल्यापासून जो तो धारपप्रेमी झालाय, असं तुमचं म्हणणं. आणि वर हे वाक्य: "सांगलीकडच्या वाचकांना इंग्रजी वाचता येत असतं, तर धारप एवढे थोर वाटलेच नसते."

धारपांच्या 'लुचाई' कादंबरीमागे अमेरिकन लेखक स्टीफन किंगची 1975 ची 'सालेम्स लॉट' आहे आणि 'शपथ'मागे 1986 ची 'इट', हे धारप वाचणाऱ्यांना तुमच्या आधीपासून ठाऊक आहे. नव्या आवृत्त्यांवर मूळ कादंबरीचं नाव ठळक छापावं, ही तुमची सूचना मात्र रास्त आहे. तेवढी मान्य.

आता त्या वाक्याबद्दल. मी तासगावची. सांगलीच्या विलिंग्डन कॉलेजात इंग्रजी घेऊन बी.ए. केलं आणि निवृत्त होईपर्यंत शाळेत इंग्रजीच शिकवलं. 'सालेम्स लॉट' मुळातून वाचली आहे, आवडलीही. पण ती वाचून रात्री परसात जायची भीती वाटली नाही. 'लुचाई' वाचून वाटली होती, आणि तेव्हा मी काही लहान नव्हते. अमेरिकेतल्या त्या गावातलं संकट मी लांबून बघत होते. धारपांचं संकट आपल्यासारख्या घरात शिरतं, जिथे संध्याकाळी देवापाशी दिवा लागतो आणि शेजारी विचारल्याशिवाय आत येतात. हे सगळं उचलून आणता येतं का, तुम्हीच सांगा.

पण मला खरं लागलं ते माझ्यासाठी नाही. माझी आई सातवीपर्यंत शिकलेली. तिला इंग्रजी येत नव्हतं, म्हणजे तुमचं वाक्य थेट तिच्यावर आहे. रात्रीची झाकपाक झाली की ती कंदिलाशी बसून धारप वाचायची. मला वाचनालयात पाठवताना सांगायची, "धारप आलेत का विचार, नसतील तर नाव लावून ये." पुस्तकं इतकी हाताळलेली असायची की कितीदा शेवटची पानंच गेलेली. मग ती शेजारच्या काकूंकडे जाऊन शेवट विचारून यायची, आणि काकूंनी सांगितलेला शेवट पटला नाही तर दोघींचा वाद व्हायचा. समर्थांनी, म्हणजे धारपांच्या कथांमधल्या त्या नायकाने, असं केलंच नसतं, म्हणायची. त्या बाईला पुस्तकातलं चांगलं-वाईट कळत नव्हतं, हे तुम्ही कशाच्या जोरावर ठरवलंत? दोन इंग्रजी कादंबऱ्या वाचल्यात म्हणून?

मुळात, तुम्ही धारप किती वाचलेत याचीच मला शंका आहे. किंगची पहिली कादंबरी 1974 ची. धारप त्याच्या कितीतरी आधीपासून लिहीत होते. समर्थ किंगच्या कुठल्या पुस्तकातून आले? 'नेनचिम'सारखी विज्ञानकादंबरी, 'गोग्रामचा चितार'मधलं ते अख्खं निराळं जग, यांचं तुमच्या प्रतिक्रियेत नावसुद्धा नाही. दोन पुस्तकांवरून माणसाची उभी हयात निकालात काढायची, आणि वर वाचकांची अक्कल काढायची, याला मी टीका म्हणत नाही.

स्त्री पात्रांबद्दल आणि शेवटांबद्दल नंतर कधीतरी बोलू, तो आजचा विषय नाही. 'तुंबाड' 2018 चा. धारप ऑगस्ट 2008 मध्ये गेले, तेव्हाही आमच्याकडे त्यांच्यासाठी हळहळणारे होते, त्यामुळे तो टोमणा आम्हाला लागू नाही.

तुमची प्रतिक्रिया मी काढून टाकणार नाही. उत्तर द्यायचं असेल तर जरूर द्या, पण नाव लावून, आणि समर्थकथांचा निदान एक संग्रह वाचून.