राजाला मळ्यावर सोडायचं की नाही

बापूंनी चहाचा ग्लास खाली ठेवला आणि सांगून टाकलं, "राजाला उद्या मळ्यावर नेऊन सोडतो. नातवाच्या पोटावर पुरळ उठलंय. लूत लागलेलं कुत्रं घरात ठेवायचं तरी कसं?"

साताऱ्यात आमच्या पेठेच्या कोपऱ्यावर रोज संध्याकाळी आम्ही चार-पाच जण बसतो. राजा बापूंच्या पायाशीच असतो. तीन वर्षांचा, लांब तोंडाचा, मानेवर दाट केस. त्याची आई पाचगणीच्या एका बंगल्यातली कॉली, बाप कोण ते कुणालाच माहीत नाही. आता मात्र त्याच्या कानांच्या कडा जाड होऊन पापुद्रे धरले होते, कोपरांवरचे केस गेले होते आणि पोट लालभडक झालं होतं. बसल्या जागी त्याचं खाजवणं थांबत नव्हतं.

अण्णा लगेच म्हणाले, "सोडायचं कशाला? गॅरेजमधनं जळकं ऑइल आण, अंगभर चोपड. आमच्या गावाला सगळे हेच करायचे. आठ दिवसांत कातडी तुकतुकीत."

मास्तरांची पुतणी शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकते. सुट्टीला आली होती आणि मास्तरांना जेवायला बोलवायला म्हणून कट्ट्यावर आली होती. ऑइलचं नाव ऐकलं आणि तिथेच थांबली.

"अण्णाकाका, कुत्रं अंग चाटतं. इंजिनात जळलेल्या तेलातले जड धातू थेट पोटात जातात. आधीच सोललेल्या कातडीवर ते तेल लावलं तर ती आणखी भाजते. यकृत, मूत्रपिंडं बिघडलेली कुत्री आमच्याकडे येतात, तेव्हा मालक सांगतात की लूत बरी होत होती, पण कुत्र्यानं खाणं सोडलं."

"म्हणजे आमची आजी अडाणी होती?"

"आजीनं ऑइल लावलं होतं का?"

अण्णा जरा थांबले. मग त्यांनीच आठवून सांगितलं की आजी काष्ठौषधीच्या दुकानातून गंधक आणायची आणि करंजाच्या तेलात खलून लावायची. ऑइल पुढे आलं, गावात ट्रॅक्टर आणि गॅरेज आल्यावर.

"मग आजीचं बरोबर होतं," ती म्हणाली. "गंधकानं खरजेचे किडे मरतात. माणसाच्या खरजेवर आजही गंधकाचं मलम देतात. फक्त एवढ्या केसाळ कुत्र्याला अंगभर लावायचं, चाटू द्यायचं नाही, पुन्हा पुन्हा लावत राहायचं, हे होत नाही. आता त्याहून सोपी औषधं आहेत."

मला ही गोष्ट फार मोलाची वाटली. जुनं म्हणून आपण जे कवटाळतो त्यातलं बरंचसं पन्नास वर्षांपूर्वीचंही नसतं, आणि खरोखर जुनं होतं ते मधल्यामधे सुटून जातं. अण्णांनी मात्र ऑइलचा हट्ट लगेच सोडला नाही.

तिनं राजाला जवळ घेतलं, त्याच्या कानाची कड दोन बोटांत धरून हलकेच चोळली. त्यासरशी त्याचा मागचा पाय हवेत खाजवू लागला. कान सोडला की पाय थांबे, धरला की सुरू. बापू वाकून बघत राहिले. "सार्कोप्टिस, म्हणजे लुतीचा किडा, असला की बहुतेक कुत्री असं करतात. शंभर टक्के पुरावा नाही, पण कानाची कड, कोपर, पोट या जागा आणि एवढी खाज बघता मला तरी तोच वाटतो."

हा किडा अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान. मादी कातडीच्या वरच्या थरात बोगदा खणते आणि त्यातच अंडी घालत पुढे सरकते. अंड्यापासून पूर्ण वाढलेल्या किड्यापर्यंत जेमतेम तीन आठवडे लागतात. म्हणून एकदा औषध देऊन भागत नाही, मागून फुटलेल्या अंड्यांचाही बंदोबस्त लागतो. राजाला हा आला कुठून, याचं उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं. बोळातल्या पिल्लांबरोबर तो दिवसभर लोळतो आणि त्यातल्या दोघांच्या अंगावर केस उरलेले नाहीत.

"आणि नातवाचं काय?" बापूंचा खरा प्रश्न तोच होता.

"बापूकाका, कुत्र्याचा सार्कोप्टिस माणसाला चावतो, पुरळ उठतं, खाजही सुटते. पण माणसाच्या अंगावर त्याची वीण वाढत नाही. कुत्र्यावरचे किडे संपले की काही आठवड्यांत पुरळ आपोआप जातं. तरी पोराला डॉक्टरांना दाखवाच. माणसाची खरूज वेगळी असते आणि तीच असली तर घरातल्या सगळ्यांना औषध लागेल. तेव्हा दोष राजाचा नसेल."

बापूंनी मग मधली हकीकत सांगितली. महिन्याभरापूर्वी त्यांनी राजाला एका ठिकाणी दाखवलं होतं. (कुठे ते त्यांनी सांगितलं, मी इथे लिहीत नाही.) न तपासता एक इंजेक्शन मिळालं, दुसऱ्या दिवशी खाज गायब. दहा-बारा दिवसांनी दुपटीनं परत. "ते बहुतेक स्टिरॉइड," पुतणी म्हणाली. "खाज दबते, किडे तसेच राहतात. वर अंगाची प्रतिकारशक्ती कमी झाल्यानं त्यांना मोकळं रान."

इथे भाऊ सरसावले. भाऊ पशुधन पर्यवेक्षक म्हणून निवृत्त झाले, तालुक्यातल्या गाई-म्हशींना त्यांनी आयुष्यभर टोचलंय. "एवढी चर्चा कशाला? आयव्हरमेक्टिनची बाटली घरात आहे. एक सुई, दोन आठवड्यांनी दुसरी. शेकडो कुत्री मी अशी बरी केलीत."

आणि ते खोटं बोलत नव्हते. आयव्हरमेक्टिननं लूत जाते. मास्तर शाळेत विज्ञान शिकवायचे, त्यांना राहवलं नाही. जपानमधल्या कावाना इथल्या गोल्फच्या मैदानाजवळची माती सातोशी ओमुरा यांनी तपासायला नेली, तिच्यातल्या एका जिवाणूपासून हे औषध निघालं, आणि 2015 साली ओमुरा आणि विल्यम कॅम्पबेल यांना त्यासाठी नोबेल मिळालं, हे सगळं त्यांनी सांगितलं. भाऊंना तेवढाच जोर आला.

"भाऊकाका, औषध चांगलंच आहे," पुतणी म्हणाली, "पण राजाची आई कॉली आहे."

कॉली आणि तिच्या जवळच्या, मेंढरं राखणाऱ्या जातींमध्ये एमडीआर-1 या जनुकात दोष आढळतो. मेंदूत शिरलेलं औषध बाहेर फेकणारी यंत्रणा त्या कुत्र्यांत चालत नाही. इतर कुत्र्यांना सोसणारी मात्रा त्यांच्या मेंदूत साठते. डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारतात, लाळ गळते, पाय लटपटतात, कुत्रं बेशुद्ध पडतं, मरतंही. अर्धं कॉली रक्त असलेल्या कुत्र्यावर हा जुगार कुणी खेळू नये. शिवाय गुरांच्या बाटलीत एका मिलिलिटरला 10 मिलिग्रॅम औषध असतं आणि ते एक मिलिलिटर 50 किलो वजनासाठी धरलेलं असतं. पिल्लासाठी त्याच सिरिंजनं अंदाजानं ओढलं तर चूक व्हायला कितीसा वेळ लागतो?

"मग द्यायचं काय?" भाऊंचा आवाज चढला होता. इतक्या वर्षांच्या माणसाला कालची पोर शिकवते, याचा राग त्यात होता आणि मला तो समजत होता.

"गोचिडीसाठी ज्या चघळायच्या गोळ्या मिळतात त्याच. अफोक्सोलानर, सारोलानर, फ्लुरालानर. लुतीच्या किड्यांवरही चालतात, कॉलींमध्येही तपासल्यात. वजन करून, डॉक्टरांनी लिहून दिल्यावर. फिट येणारं कुत्रं असेल तर मात्र ते आधी सांगायचं."

"किंमत ऐकलीस का? माझ्या शेतकऱ्याला परवडते का ती गोळी?"

याला तिच्याकडे उत्तर नव्हतं, आणि भाऊंचा हा मुद्दा पक्का आहे. खेडेगावात कुत्रं जळक्या ऑइलवर येतं त्याचं कारण अज्ञानाइतकंच खिसाही आहे. देशी कुत्र्याला, वजनावर मोजून, जाणत्या हातानं दिलेलं आयव्हरमेक्टिन अजूनही कित्येकांना वाचवतं. वाद औषधाचा नव्हताच. कुठल्या कुत्र्याला, किती, आणि आधी तपासून की न तपासता, एवढाच होता.

"मग कातडी खरडून सूक्ष्मदर्शकाखाली बघू, किडा दिसला तरच महागडी गोळी," मास्तरांनी तोडगा काढला. पण तिथेही पेच आहे. सार्कोप्टिस हजर असूनही खरवडीत पुष्कळदा सापडत नाही, म्हणून लक्षणं जुळली तर डॉक्टर उपचार करूनच बघतात. लुतीचा दुसरा किडा, डेमोडेक्स, असेल तर मात्र खोल खरडलं की सहसा सापडतो.

हा डेमोडेक्स मी विसरू शकत नाही. मागे आमच्याच गल्लीतल्या एका घरानं पाच महिन्यांचं पिल्लू हायवेच्या कडेला सोडलं. डोळ्यांभोवती आणि पंजांवर चट्टे होते, खाज जवळपास नव्हती. घरात लहान मुलं आहेत, लागण होईल, ही भीती. डेमोडेक्स माणसाला लागत नाही. धडधाकट कुत्र्यालाही तो सहजासहजी लागत नाही. जन्मल्यावर पहिल्या काही दिवसांत दूध पिताना तो आईकडून पिल्लाकडे येतो, बहुतेक कुत्र्यांच्या केसांच्या मुळाशी गुपचूप राहतो आणि प्रतिकारशक्ती कोवळी किंवा कमकुवत असली तरच उसळतो. चार-दोन चट्टे असलेली बहुसंख्य पिल्लं आपोआप बरी होतात. त्या पिल्लाला कुणी एकदा दाखवलं असतं तर ते घरातच वाढलं असतं. लूत दिसली की आपण रोगाला नाही, कुत्र्यालाच हाकलतो, आणि याचा मला मनापासून संताप येतो.

मी हे बोललो तेव्हा बापू गप्प होते. मास्तरांनी प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा काढला. 1960 चा कायदा, उपासमार होईल अशा स्थितीत जनावर सोडून देणं हा त्यात गुन्हा आहे.

"दंड किती?" अण्णांनी विचारलं.

"पहिल्या वेळेला 50 रुपयांपर्यंत."

"मग कोण घाबरणार?"

"घाबरून कशाला," बापू म्हणाले, "मळ्यावर माझा गडी आहे, भाकरी घातली असती त्यानं."

"आणि मळ्यावरच्या दोन कुत्र्यांना लूत लागली असती," भाऊ म्हणाले. इतका वेळ पुतणीशी भांडणारे भाऊ इथे तिच्या बाजूनं आले.

शेवटी ठरलं ते असं. बापू सकाळी राजाला घेऊन शिरवळला जाणार, पुतणी बरोबर असेल. गोळी मिळेपर्यंत राजा पडवीत, नातवापासून लांब, पण घरातच. त्याचं अंथरूण कढत पाण्यातून काढून उन्हात, आणि पट्टा नवा, कारण कुत्र्याच्या अंगावरून पडलेला किडाही काही दिवस तग धरतो. बोळातली पिल्लं तशीच राहिली तर महिन्याभरात राजा पुन्हा खाजवत बसेल, म्हणून त्यांचं काम भाऊंनी अंगावर घेतलं. ती देशीच आहेत. वजनकाटा अण्णांच्या दुकानातला. एकेक पिल्लू पोत्यात घालून तोलायचं, आकडा वहीत लिहायचा, आणि मात्रा किती ते पुतणीनं शिरवळच्या सरांना विचारून कळवायचं, सुई त्यानंतरच.

"सरांना विचारून," भाऊंनी पुन्हा एकदा म्हणून घेतलं, "पण टोचणार मीच."

अण्णांनी वजनकाट्याला हो म्हटलं, पण पोतं धुऊन आणायची अट घातली.