कितव्या वेताची?

काल पुन्हा कोल्हापुरात कावळा नाक्याच्या सिग्नलला गाडीच्या तापमानाचा काटा वर गेला. पुन्हा म्हणजे, चार दिवसांपूर्वी रोख सात हजार आठशे पन्नास मोजून तोच काटा खाली बसवून आणला होता. वॉटर पंप, थर्मोस्टॅट, कूलंट, मजुरी. बिल नाही. बिलाच्या जागी डिकीत एक प्लास्टिकची पिशवी, "जुनं सामान ठेवलंय बघा साहेब, पुन्हा म्हणशीला बदललंच न्हाई." त्यातला पंप आमच्या गाडीचा की शेजारच्या ओम्नीचा ते त्या पंपालाच माहीत. मी आपली अस्थी घेतल्यासारखी दोन्ही हातांनी घेतली.

काटा वर गेला की हीटर फुल सोडायचा, इंजिनातली गरमी आत येते आणि इंजिनाला जरा उतार पडतो, एवढंच मला मोटारीतलं येतं. म्हणून एप्रिलच्या दुपारी अडीच वाजता चारी काचा खाली, हीटर सुसाट, अशी आमची भट्टी उद्यमनगरकडे निघाली. बायको सिग्नललाच उतरली. "मी रिक्षानं जातो, तुम्ही या शिजून."

गाडी 2007 ची मारुती 800. कंपनीनं ही गाडी बनवायची 2014 ला बंद केली, आम्ही चालवायची केली नाही. खरं तर पाडव्यालाच आणणार होतो, पण घरात ठरलं की अक्षय्य तृतीयेला घेतलेलं अक्षय्य टिकतं. टिकलं की! आणि त्या महिनाभराच्या उशिरानं पंधरा वर्षांनी, रजिस्ट्रेशनची मुदत संपताना, मला गाठलं, कारण 1 एप्रिल 2022 पासून जुन्या कारच्या पुन्हा रजिस्ट्रेशनची फी सहाशेवरनं पाच हजार झाली. पाडव्याची असती तर मार्चमध्ये सहाशेत सुटलो असतो. असो. तृतीयेचा विषय घरात काढत नाही आम्ही.

तर गॅरेज. मिस्त्री दुसऱ्या गाडीखाली, नुसते पाय बाहेर. पाय म्हणाले, "बसा साहेब." बसायला एकच जागा, कुठल्यातरी जीपची उपसलेली सीट, आणि तिच्यावर पांढरी टोपी घातलेले एक आबा चहा फुंकत बसलेले. यांची गाडी नाही, गॅरेजशी संबंध नाही, फॅन नसलेल्या पत्र्याखाली रोज येऊन का बसतात कुणालाच माहीत नाही. त्यांनी माझ्या गाडीकडं बघितलं, मग माझ्याकडं, मग परत गाडीकडं.

"कितव्या वेताची?"

"काय?"

"गाडी ओ. कितव्या वेताची?"

मी म्हटलं, पहिल्याच मालकाची आहे, मीच घेतली, 2007 ला.

"मंजी घरचीच." आबांनी बोटांवर मोजायला घेतलं, बोटं संपल्यावर सोडून दिलं. "मग भाकड झाली म्हना की. वैरण किती खाती?"

"लिटरला सोळा जाते."

"सोळा लिटर? मग इकताय कशापायी?"

विकत नाही हो आबा, दाखवायला आणलीय, असं मी सांगेपर्यंत ते उठलेसुद्धा. गाडीला एक फेरी मारली. मागच्या बाजूला दोन थापा मारल्या, टायरच्या नक्षीत नख घालून बघितलं, वाकून बंपरखाली बघितलं (कास बघत असावेत), आणि मग तोंड कडू करून म्हणाले, "किती दिलासा हिच्या दवापान्याला?"

मी आकडा सांगितला. आबांनी चहाचा ग्लास खाली ठेवला.

"तेवढ्यात रेडकू येतंय."

गाडीखालचे पाय हलायचे थांबले.

"मला गाडीतलं कळत न्हाई," आबा म्हणाले, "आपलं म्हशीतलं कळतंय. तापती कवा? पळताना का उभी ऱ्हायल्यावर?"

"उभी राहिल्यावर. सिग्नलला."

"मग बरूबर हाय की. पळताना वारं लागतंय. गोठ्यात उभ्या म्हशीला आमी पंखा लावतोय. हिला पंखा हाय का न्हाई? आन असला तर फिरतोय का, बघितलासा काय?"

मिस्त्री गाडीखालून पूर्ण बाहेर आला. बॉनेट उघडलं, इंजिन चालू ठेवलं, काटा वर जाईपर्यंत आम्ही चौघं रेडिएटरच्या पंख्याकडं बघत उभे राहिलो, बारशाला जमल्यासारखे. पंखा ढिम्म. मिस्त्रीच्या हाताखालच्या पोरानं वायर डायरेक्ट लावली, घर्रर्र करून फिरला. मोटर चांगली, तिला करंट सोडणारा रिले गेलेला. रिले तीनशे रुपये.

"मजुरी ऱ्हाऊ द्या साहेब," मिस्त्री मोठ्या मनानं म्हणाला.

आणि मी थँक्यू म्हटलं.

रात्री झोप लागेना ती ह्या थँक्यूमुळं. मग पंप का बदललास बाबा, एवढं एक वाक्य तोंडातनं निघालं नाही. कपिलतीर्थ मंडईत कोथिंबिरीच्या पेंडीला पाच रुपयांसाठी मी मावशींशी दहा मिनिटं वाद घालतो, आणि इथं चार दिवसांपूर्वी हा माणूस म्हणाला "पंपाला प्ले आलाय", तर मी म्हटलं, "हां हां, वाटलंच मला." काय वाटलं होतं? प्ले म्हणजे काय हे मला आजही माहीत नाही. ज्या गावात शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांतनं गाड्यांची कास्टिंगं देशभर जातात, ज्या उद्यमनगरात नमुना टाकला की लेथवर कसलाही पार्ट करून मिळतो, तिथं राहून आपल्याला त्यातलं काही कळत नाही हे कबूल करायची लाज, आणि त्या लाजेचे पैसे मी दर सर्व्हिसिंगला वेगळे भरतो. मिस्त्री लबाड आहे असंही छातीठोक म्हणवत नाही. पंप खरंच गेला असेल. नसेलही. वैताग तोच आहे.

निघताना आबा न विचारता पुढं बसले. "गंगावेशीला सोडा." बिंदू चौकात गर्दीत अडकलो, काटा निम्म्यावर, आणि पंखा आपोआप घर्रर्र झाला. आबांनी डॅशबोर्डावर थाप मारली, "हां, बाई."

गंगावेशीत म्हशी येऊन उभ्या होत्या, धारा सुरू होत्या. आबांनी दोन ग्लास सांगितले, पैसे माझ्याकडनं घ्यायला सांगितले, आणि तेवढ्यात डिकीतली ती पिशवी बघू म्हणाले. पंप काढला, पुली बोटानं फिरवली. गरगर फिरली, आवाजसुद्धा नाही.

"चांगला फिरतोय की ह्यो."

"आत प्ले आलाय त्याच्या."

"मंजी?"

मी म्हटलं, "आबा, दूध घ्या."