पत्ता कोण देतंय?

"परवा तू त्या डीएनएसला हात लावलास ना, त्यानंच बंद पडलं," साहेब सगळ्या पतसंस्थेसमोर म्हणाले. डीएनएस म्हणजे वेबसाइटच्या नावावरून तिचा नंबर शोधणारं; मी परवा त्यात फक्त गूगलचं ८.८.८.८ घातलं होतं. इंटरनेट बंद पडलं काल, तेही निम्म्याच कॉम्प्युटरवर. पण पोराला कॉम्प्युटरातलं कळतंय असा एकदा बोभाटा झाला, की फॅन बंद पडला तरी बघतात तुमच्याकडंच.

कॉम्प्युटरचा पत्ता दाखवणारी आयपीकॉन्फिग कमांड मारली. आमचे पत्ते १९२.१६८.१ चे, बंद पडलेल्यांना मिळालेले १९२.१६८.० चे. म्हणजे ऑफिसात आणखी कोणतरी पत्ते वाटालंय.

पासबुक भरायला आलेले वडगावचे एक काका खुर्ची सरकवत अगदी मांडीला मांडी लावून बसले.

"काय करालाय बाळा?"

"डीएचसीपी बघतोय, काका. कॉम्प्युटरला पत्ता देतंय ते."

"पोस्टमन म्हण की."

"पोस्टमन पत्त्यावर जातो. हे पत्ताच देतंय, तेबी मुदतीवर."

"मग घरमालक! अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट."

"होय. पण आज मालक दोघं झालेत. जो आधी ओ देईल, मशीन त्याचं ऐकतंय."

काकांनी चष्मा काढून पुसला. "दोघं मालक! आणि हे तू मला सांगालास? १९५६ पासून आम्ही दुसरं काय बघालोय? २००४ पासून सीमेचं भांडण सुप्रीम कोर्टात पडलंय. तुझा निकाल पाचपर्यंत लागंल काय?"

डीएनएस नावावरून नंबर काढतं, हे त्यांना सांगायला नको होतं. २०१४ च्या १ नोव्हेंबरला बेळगावचं बेळगावी झालं. काकांच्या पासबुकात जुनं, आधारवर नवं.

"तुझं मशीन जुन्या नावाला ओळखतंय काय?"

"थोडा वेळ लक्षात ठेवतंय. मग विसरतंय."

"थोडा वेळ तरी! हितं केवायसीला माझ्या तीन खेपा झाल्या."

मी हसलो. मग आठवलं, तो फॉर्म तीनदा परत लावलेला मीच.

वायर धरत धरत शेवटी साहेबांच्या कपाटामागं पोचलो. तिथं घरचा वायफाय राऊटर, लॅनच्या भोकातून आमच्या स्विचला जोडलेला. मोबाईलवर मॅच बघायला! त्यातलं डीएचसीपी बंद केलं, कॉम्प्युटर परत चालू केले, सगळ्यांना आपापले पत्ते मिळाले.

"झालं न्हवं?" साहेब मोबाईलवरची मान न उचलता म्हणाले. "आता ते तुझं आठ-आठ काढून टाक."