डोळे मिटून ऐकायचं गाणं आणि माझं चित्र: टिळकवाडीच्या एका श्रोत्याला उत्तर

नमस्कार काका,

तुम्ही नाव लिहिलं नाही. 'टिळकवाडीचा एक जुना श्रोता' अशी सही केलीत आणि पन्नास वर्षं गाणं ऐकतोय असं लिहिलंत, म्हणून काका म्हणते. आपल्या बेळगावच्या वडगावातल्या तिघा पोरांच्या अल्बमचं कव्हर आणि त्यातल्या एका गाण्याचा व्हिडिओ मी केला, त्याबद्दल मागच्या महिन्यात इथं लिहिलं होतं. त्यावर तुमची प्रतिक्रिया आली. बाकीच्यांसाठी तिचं सार देते. गाणं डोळे मिटून ऐकायचं असतं, चित्र आलं की ऐकणारा नुसता बघत बसतो. आपल्या सुळेभावीत जन्मलेल्या कुमार गंधर्वांना कधी व्हिडिओ लागला नाही. दुसऱ्या कडव्यात गाणाऱ्याचा गळा भरून येतो, नेमकी तिथंच पडद्यावर चित्रं नाचतात. कव्हरवर कन्नड अक्षरं मराठीच्या बरोबरीनं कशाला? आणि चित्रावर घातलेला पैसा पोरांनी रेकॉर्डिंगवर घालायला हवा होता.

उत्तराला आठ दिवस लागले. तुमचा एक मुद्दा मला पटला आणि त्यावर लिहिण्याआधी काम करायचं होतं. त्याचं शेवटी सांगते.

डोळे मिटण्याचं आधी बघू. तुम्ही पन्नास वर्षांत किती मैफली ऐकल्या असतील! त्यात गवई एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड घेताना त्याचा हात हवेत कसा ओढला जातो, समेच्या आधी तो तबलजीकडे कसा बघतो, जागा साधली की पुढं बसलेल्या जाणत्याची मान कशी हलते, हे सगळं तुम्ही पाहिलंय. मैफलीत आपण डोळे मिटतो ते अधूनमधून, आणि मिटतो तेव्हाही समोर काय आहे ते आपल्याला माहीत असतं. फोनवर गाणं ऐकणाऱ्या पोराला यातलं काहीच मिळत नाही. त्याच्यासमोर एक बारीक चौकोन असतो, अंगठ्याच्या नखाएवढा. त्या चौकोनात काहीतरी असणारच आहे. प्रश्न एवढाच, की ते गाणं ऐकून केलेलं आहे की न ऐकता.

आणि गाण्याला चित्र जोडणं हे कालपरवाचं खूळही नव्हे. विजापूर आपल्यापासून किती लांब? तिथं दुसऱ्या इब्राहिम आदिलशहानं दख्खनीत 'किताब-ए-नौरस' रचली, रागवार गायची पदं. त्याच्या दरबारात गवयांबरोबर चित्रकारांनाही मान होता. रागमालेची, म्हणजे एकेका रागाची, चित्रं आपल्या दख्खनेतही निघाली. तोडी राग म्हटलं की वीणा घेतलेली बाई आणि ऐकायला आलेली हरणं, हे चित्रकारांनी पिढ्यान्‌पिढ्या रंगवलं. त्यामुळं तोडी ऐकणाऱ्याचं काही बिघडलं नाही. अण्णासाहेब किर्लोस्कर तर आपल्याच जिल्ह्यातले, गुर्लहोसूरचे. १८८० मध्ये त्यांचं 'शाकुंतल' रंगभूमीवर आलं आणि नाट्यपदांचं वेड लागलं. पुढं नाटक कंपन्या वाढल्या तसे रंगवलेले पडदेही वाढले. कोल्हापूरच्या आनंदराव आणि बाबूराव पेंटरांनी सिनेमाकडं वळण्याआधी हेच पडदे रंगवले. आपले आजे-पणजे पदांना वन्समोअर देत होते तेव्हा गाणाऱ्याच्या मागं अरण्य, महाल, नदीकाठ होता आणि तो कुणीतरी हातानं रंगवलेला होता.

'अल्बम' हा शब्दसुद्धा बघा. मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटांचंच गाणं मावायचं. म्हणून चार-पाच तबकड्या फोटोच्या अल्बमसारख्या वहीत घालून विकत. ती वही साधीच असायची, तपकिरी नाहीतर करड्या पुठ्ठ्याची. १९३० चं दशक संपताना अमेरिकेत कोलंबिया कंपनीत ॲलेक्स स्टाइनवाइस नावाच्या तरुण चित्रकारानं त्या पुठ्ठ्यावर चित्र काढू द्या म्हणून आग्रह धरला, तेव्हापासून चित्रांची कव्हरं रूढ झाली. पुढं एल.पी.चं कव्हर फूटभर लांब-रुंद झालं, कॅसेटचं पत्त्याएवढं, सी.डी.चं बारा सेंटिमीटर. आता नखाएवढं. जागा आटत गेली तसं चित्रकाराचं काम अवघड झालं आहे, सोपं नाही.

आता या अल्बमचं सांगते, कारण मागच्या लेखात मी ते घाईनं लिहिलं आणि तुमचा गैरसमज त्यातूनच झाला असावा.

पोरांनी मला चित्र काढायला बोलावलं नव्हतं, ऐकायला बोलावलं होतं. तिघांपैकी एकाच्या वडिलांचा हातमाग होता, तो विकला गेला. मग ते दुसऱ्याच्या यंत्रमागावर पाळी करू लागले. शीर्षकगीत त्यावरच आहे. फोनवर केलेलं कच्चं रेकॉर्डिंग मी तीन आठवडे ऐकत होते, भाकरी थापतानासुद्धा. आई म्हणायची, "तेच तेच काय ऐकूलीस गं?" त्या तीन आठवड्यांत मी एक रेघ ओढली नाही. नंतर वडगावातल्या एका मागाच्या शेडमध्ये जाऊन बसले. तिथं आवाज कानाआधी पायांना कळतो, फरशीतून चपलेत येतो. आडवा धागा नेणारा धोटा इकडून तिकडं जातो, फणी आपटते, परत धोटा. पोरांनी हाच आवाज रेकॉर्ड करून गाण्याखाली ठेवलाय आणि चौंडकं, ते एका तारेचं वाद्य, त्याच्यावर चालतं. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या वाटेवर जोगत्यांच्या हातात असतं तेच चौंडकं.

शेडच्या कोपऱ्यात जॅकार्डच्या पुठ्ठ्यांची एक माळ पडली होती, धुळीनं भरलेली. ज्यांनी पाहिले नसतील त्यांच्यासाठी सांगते: साडीच्या काठातली नक्षी या भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवर असते. एका पुठ्ठ्यावर एक आडवा धागा. जिथं भोक असेल तिथला उभा धागा उचलला जातो, नसेल तिथला खालीच राहतो. पुठ्ठे दोऱ्यानं एकमेकांना बांधून त्यांची माळ करतात आणि ती मागावर फिरत राहते. मालकांना विचारून मी माळ घरी आणली, पुसली, पुठ्ठ्यांना शाई लावून कागदावर छाप घेतले. काळ्या पट्ट्या आणि त्यात पांढरे ठिपके. कव्हर म्हणजे तेच छाप, एकाखाली एक. मी त्यात फक्त एका ठिकाणी लाल रंग घातला.

तुम्ही कव्हरला 'नुसते ठिपके' म्हटलंय. त्यासाठी हा प्रसंग सांगायलाच हवा. पहिला छापील नमुना आम्ही त्या पोराच्या वडिलांना दाखवला. त्यांनी चष्मा पुसला, ठिपक्यांवरून बोट फिरवत खाली आले, म्हणाले, "कोयरी आहे ही. आणि हा पुठ्ठा उलटा लावलास बघ." खरंच उलटा होता. गाणं त्यांच्यावर होतं, पण ते गाणं त्यांनी मुलासमोर बसून कधी ऐकलं नव्हतं, संकोच असेल. कव्हर मात्र त्यांनी वाचलं. मी पुठ्ठा सरळ केला आणि परत छापलं. गाण्याचं कव्हर कशाला असतं याचं मला त्या दिवशी जे उत्तर मिळालं, त्याहून चांगलं माझ्याकडं नाही.

कन्नड अक्षरांचं. गाण्याची कडवी मराठी आहेत, पालुपद कन्नड आहे, कारण शेडमध्ये दोन्ही भाषा बोलतात आणि पोरांनी ऐकलं तसं लिहिलं. १९५६ पासून सीमाप्रश्नात या भागानं जे सोसलंय ते माझ्याही घरानं सोसलंय. माझे आजोबा सत्याग्रहात होते. मराठी पाटीसाठी भांडायची वेळ येते तेव्हा मी उभी राहते, पुढंही राहीन. पण गाण्यात जी ओळ आहे ती कव्हरवर बारीक करून लपवणं मला जमणार नाही. ती अक्षरं मी खडे बाजारातल्या एका म्हाताऱ्या बोर्ड पेंटरकडं शिकून काढली. त्यांच्या ब्रशला दोन्ही लिप्या सारख्याच वळतात. मराठी अक्षरं शिरोरेषेला टांगलेली असतात, कन्नडमध्ये ती रेघ सलग नसते, अक्षराच्या डोक्यावर सुटासुटा तलकट्टू असतो. मराठी ओळ मागावरच्या ताणलेल्या धाग्यासारखी दिसते, कन्नड ओळ त्यावर पडलेल्या बुट्ट्यांसारखी. दोन्ही एकाच ब्रशनं, एकाच जाडीनं काढलीत. लहान-मोठं करायचं माझ्या मनातही आलं नाही.

पैशांबद्दल. रेकॉर्डिंग आधी झालं होतं, त्यातून एक रुपयाही माझ्याकडं वळला नाही. मी ठरलेल्यातले निम्मे घेतले, बाकीचे अल्बममधून काही आलं तर. यावर आम्ही साधा कागद केला. तो करण्याचं कारण आहे. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका गटानं माझं कव्हर टी-शर्टवर छापून विकलं, मला कळलंसुद्धा नाही. विचारायला गेले तेव्हा समजलं, की १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणं पैसे देऊन करून घेतलेल्या पेंटिंगचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, करून घेणाऱ्याकडं जातो. आपल्या भागातली बरीच चित्रकार मुलं मैत्रीखातर तोंडी बोलण्यावर काम करतात. त्यांच्यासाठी हे लिहिते: एक पान लिहा, दोघांनी सही करा, मैत्री तुटत नाही. चित्रकाराला पैसे देणं ही उधळपट्टी, असं निदान बेळगावात तरी कुणी म्हणू नये. इथं के. बी. कुलकर्णी सरांनी चित्रकार घडवले. त्यांच्याकडं शिकलेल्या रवी परांजप्यांनी छापायच्या चित्राला भिंतीवरच्या चित्राइतका मान मिळवून दिला.

आता दुसरं कडवं.

व्हिडिओत मी एक मिनिट वीस सेकंदांचा भाग हातानं काढलाय. सेकंदाला चोवीस चौकटी (फ्रेम), एक चित्र दोन चौकटी धरायचं, म्हणजे सेकंदाला बारा चित्रं, एकूण ९६०. गाण्याची लय मिनिटाला नव्वद ठोक्यांची आहे, त्यामुळं एका ठोक्याला बरोबर सोळा चौकटी, म्हणजे आठ चित्रं येतात. हे गणित इतकं सुरेख जुळलं की मला त्याचा मोह पडला. प्रत्येक ठोक्यावर धोटा, प्रत्येक ठोक्यावर धागा. दुसऱ्या कडव्याआधी चार ठोके माग थांबतो, चौंडकं थांबतं, आणि गाणारा श्वास घेतो. तिथंही मी चित्रं चालूच ठेवली. बत्तीस चित्रं, आठ रात्रींची मेहनत, सोडवत नव्हती. तुमची प्रतिक्रिया वाचून मी तो तुकडा आवाज बंद करून पाहिला, मग चित्र बंद करून ऐकला. तुमचं बरोबर आहे. तिथं तो श्वास ऐकू यायला हवा आणि माझी चित्रं त्याच्यावर पाय देऊन उभी होती. पोरांनाही ते खटकलं होतं, मला वाईट वाटेल म्हणून ती बोलली नव्हती. ते मला जास्त लागलं. एकत्र काम करताना हे बोलायची सवय लावायला हवी होती आणि वयानं मोठी म्हणून ती मी लावायला हवी होती.

ती बत्तीस चित्रं काढून टाकलीत. त्या चार ठोक्यांना आता पडदा काळा आहे. कडव्याची पहिली ओळ एकाच स्थिर चित्रावर जाते: थांबलेला माग, त्यावर अर्धी विणलेली साडी. दुसऱ्या ओळीला धोटा हलतो. काल रात्री तिघांना दाखवलं. गाणारा काही बोलला नाही, त्यानं तो भाग तीनदा मागं घेऊन पाहिला.

नवा व्हिडिओ शुक्रवारी चढवते. एकदा डोळे मिटून ऐका, मग उघडे ठेवून बघा, आणि अजून कुठं चित्र आड येत असेल तर तो सेकंद मला लिहून कळवा.