राइट क्लिक बंद, वाचकही बंद

पुण्यातल्या लिहित्या मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘ब्लॉग सुरक्षित ठेवा, वाचक वाढवा’. त्याचं म्हणणं असं: छोट्या ब्लॉगला हॅकर हात लावत नाहीत, पत्त्याच्या पट्टीत कुलपाचं चिन्ह दिसलं की निर्धास्त व्हा, कॉपी होऊ नये म्हणून राइट क्लिक बंद करा, लेखाचं चित्र करून टाका आणि कीवर्ड, म्हणजे शोधात सापडण्यासाठीचे शब्द, भरपूर कोंबा. यातल्या बहुतेक उपायांनी चोर अडत नाही, वाचक मात्र अडतो.

छोट्या ब्लॉगचं आधी बघू. तुमच्या कविता वाचून कुणी हॅकर बेत आखत नसतो. ते काम आपोआप चालणारे प्रोग्राम करतात आणि ते लहानमोठं बघत नाहीत. माझी साइट वर्डप्रेसवर, म्हणजे ब्लॉग चालवायच्या त्या लोकप्रिय सॉफ्टवेअरवर, नाहीच, तरी सर्व्हरच्या (साइट जिथे ठेवलेली असते त्या संगणकाच्या) लॉगमध्ये, म्हणजे नोंदवहीत, वर्डप्रेसच्या लॉगिन पानाची मागणी सतत दिसते. हे प्रोग्राम सोडणाऱ्यांना तुमच्या साइटवर जुगाराच्या लिंका चिकटवायच्या असतात. वर्डप्रेसमध्ये घुसायची वाट बहुतेकदा जुन्या प्लगिनमधून, म्हणजे वरून जोडलेल्या छोट्या प्रोग्राममधून, जाते. म्हणून प्लगिन अपडेट करा, नको असलेलं नुसतं बंद न ठेवता काढूनच टाका आणि लॉगिनला ओटीपीची जोड द्या.

कुलूप एवढंच सांगतं, की वाचक आणि सर्व्हर यांच्यामधला मजकूर वाटेत कुणाला वाचता येणार नाही. सर्व्हरवर आधीच कुणी ठाण मांडलं असेल, तर कुलूप काय करणार? एचटीटीपीएस, म्हणजे या कुलपामागची व्यवस्था, हवंच; त्यासाठी लागणारं प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था फुकट देते. पण ते भामट्यांनाही मिळतं. म्हणून तर क्रोम ब्राउझरने २०२३ मध्ये ते चिन्ह पत्त्याच्या पट्टीतून काढून टाकलं.

राइट क्लिकची गोष्ट वेगळी, कारण दुखणं खरं आहे. आपला लेख नाव गाळून ‘सुंदर विचार’ म्हणून आपल्याकडेच परत येतो. पण ‘येथे कॉपी करू नये’ ही चौकट पेठेतल्या पाटीइतकीच पाळली जाते. चोर स्क्रीनशॉट काढतो, फोन त्यातली अक्षरं उचलून देतो, संपलं. अडतो तो दोन ओळी आणि तुमची लिंक बहिणीला पाठवू पाहणारा वाचक. हक्काचं म्हणाल, तर १९५७ च्या कायद्यानुसार लेख लिहिला की कॉपीराइट तुमचाच. नोंदणी सक्तीची नाही. चोरलेलं पान शोधातून काढायला गूगलचा तक्रार-फॉर्म आहे.

चित्राचा सल्ला तर आत्मघातकी. समजा, कुणी १२ जुलै १९६१ च्या पानशेत पुराच्या घरच्या आठवणी जुन्या फॉन्टात टाइप केल्या आणि त्याचं चित्र चढवलं. नदीकाठच्या एखाद्या वाड्याचं नाव घालून त्याची नात उद्या शोधू लागली, तर हे पान तिच्यापुढे येण्याची आशा जवळपास नाही. अंधांसाठी पान वाचून दाखवणारं सॉफ्टवेअरही तिथे अडखळतं. युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फोनवर दिसणाऱ्या आणि शोधता येणाऱ्या अक्षरांत, लिहा, शीर्षकात गाव, साल, नाव येऊ द्या. ‘आठवणींचा हिंदोळा’ कोण शोधणार?

राहिले कीवर्ड. ते ज्यात कोंबतात तो पानाच्या कोडमधला, वाचकाला न दिसणारा कीवर्डचा टॅग आपण शोधाच्या क्रमवारीत धरत नाही, हे गूगलने २००९ मध्येच सांगून टाकलंय.

आणि बॅकअपबद्दल मेसेज गप्प! मार्च २०२१ मध्ये फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला ओव्हीएच या कंपनीचं डेटा सेंटर, म्हणजे सर्व्हर ठेवायची इमारत, जळालं, तेव्हा ज्यांची प्रत तिथेच होती त्यांच्या साइट कायमच्या गेल्या. महिन्यातून एकदा सगळं लिखाण घरच्या डिस्कवर उतरवा, आणि ती फाइल उघडतेय ना, तेही बघा.