पाळीआधीचा त्रास हे ‘नोकरदार बायकांचे फॅड’ नव्हे

नाशिकमधल्या नोकरदार महिलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतो आहे. ‘पीएमएस (प्रीमेन्स्ट्रुअल सिंड्रोम, म्हणजे पाळीआधीच्या दिवसांत होणारा त्रास) हे शिकल्यासवरल्या, नोकरी करणाऱ्या बायकांचे नवे फॅड आहे, आपल्या आज्या शेतात राबल्या, त्यांना असले काही झाले नाही, रक्त तपासले तर हार्मोन नॉर्मल निघतात, म्हणजे सगळे मनाचे खेळ, मूल झाले की आपोआप थांबते,’ असा त्याचा आशय आहे. तो पुढे पाठवणाऱ्यांत बायकाही आहेत, याचे मला अधिक वाईट वाटते.

या त्रासाचे वैद्यकीय वर्णन न्यूयॉर्कचे स्त्रीरोगतज्ज्ञ रॉबर्ट फ्रँक यांनी १९३१ मध्येच केले होते, त्यामुळे तो नवा नाही. आज्यांविषयी बोलायचे, तर ज्या घरांत पाळीचा उल्लेखसुद्धा ‘कावळा शिवला’ असा आडवळणाने व्हायचा, तिथे पाळीच्या आधीची चिडचिड, दुखरी छाती आणि फुगलेले पोट कोण कोणाला सांगणार होते? त्यांनी दुखणे अंगावर काढले.

हार्मोनची पातळी बहुधा नॉर्मल निघते, हे मात्र खरे आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. अमेरिकेतील राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेच्या संशोधकांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात औषधाने अंडाशयाचे काम तात्पुरते थांबवले, तेव्हा त्रास असलेल्या अनेक स्त्रियांची लक्षणे ओसरली आणि इस्ट्रोजेन किंवा प्रोजेस्टेरॉन पुन्हा दिल्यावर ती परतली. ज्यांना मुळात त्रास नव्हता, त्यांना तीच हार्मोन देऊनही मनःस्थितीत बदल झाला नाही. हार्मोन तेच असले तरी काही जणींचा मेंदू त्यांच्या चढउताराला वेगळा प्रतिसाद देतो.

मूल झाल्यावर त्रास थांबतो, हा समज गरोदरपणामुळे पसरला असावा, कारण त्या काळात अंडे सुटत नाही आणि त्रासही नसतो. पाळी परत सुरू झाली की तो परतू शकतो. काही थोड्या जणींत तो इतका तीव्र असतो की जगणे नकोसे वाटते. २०१३ पासून अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या नियमावलीत या तीव्र प्रकाराला स्वतंत्र आजाराचे स्थान आहे आणि त्यावर औषधेही आहेत. अशा बाईला ‘मूल होऊ दे, बरे वाटेल’ असे सांगणे घातक आहे.

राहिला नोकरीचा मुद्दा. हा त्रास घरी असणाऱ्या स्त्रियांनाही होतो. आनुवंशिकता, सततचा ताण, लठ्ठपणा, धूम्रपान आणि पूर्वीचे नैराश्य यांच्याशी त्याचा संबंध आढळला आहे. यांतला ताण अंबड-सातपूरच्या कारखान्यांत किंवा पिंपळगाव बसवंतच्या द्राक्ष पॅकहाउसमध्ये दिवसभर उभे राहून, घरी परतल्यावर पुन्हा पोळ्या लाटायला लागणाऱ्या बाईच्या वाट्याला दुप्पट येतो.

माझी एक शेजारीण अंबडला असेंब्ली लाइनवर काम करते. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर ती पाळीच्या तारखेभोवती गोल करायची. मग, ज्या दिवशी मुलावर विनाकारण ओरडली किंवा रात्री झोप लागली नाही, त्या चौकटीतही तिने बारीक फुली मारायला सुरुवात केली. दोन महिन्यांनी पाहिले, तर जवळपास सगळ्या फुल्या गोलाच्या आधीच्या सहा-सात चौकटींत होत्या. महिनाभर विखुरलेल्या असत्या, तर थायरॉइड, रक्तक्षय किंवा नैराश्याचा विचार आधी करावा लागला असता. तिने ती दोन पाने फाडून पर्समध्ये ठेवली आणि सुट्टीच्या दिवशी डॉक्टरांसमोर टेबलावर मांडली.