‘लंडनचे साडेतीन लाख म्हणजे बडोद्याचे सत्तर हजार’ : एका फिरत्या हिशोबाला उत्तर

बडोद्यातल्या मराठी घरांमध्ये व्हॉट्सअ‍ॅपवरून एक संदेश बरेच दिवस फिरतो आहे. त्याचा मजकूर थोडक्यात असा : राहणीच्या खर्चाचा निर्देशांक न्यूयॉर्कचा १०० आणि बडोद्याचा २०, म्हणजे परदेशात सगळे पाचपट महाग, म्हणून लंडनमध्ये वर्षाला ४०,००० पौंड, म्हणजे महिना साडेतीन लाख रुपयांहून थोडे अधिक मिळवणारा आणि बडोद्यात महिना सत्तर हजार मिळवणारा, हे दोघे सारखेच. त्यापुढे चार आधार दिले आहेत : जागतिक बँकच डॉलर वीस रुपयांचा धरते, तिथे नुसते केस कापायला दोन हजार रुपये पडतात, जगातल्या महागड्या शहरांच्या याद्या दरवर्षी प्रसिद्ध होतात, आणि निम्मा पगार करात जातो. शेवटी, मुलांना बाहेर पाठवण्याआधी हे वाचा, असा सल्ला.

मी इथल्या एका रासायनिक कारखान्यात परिव्यय लेखापाल (कॉस्ट अकाउंटंट) म्हणून नोकरी करून निवृत्त झालो. रावपुऱ्यातल्या एका परिचित कुटुंबात मुलीला लंडनहून नोकरीचे पत्र आले, आणि तिच्या वडिलांनी हा संदेश छापून तिच्यापुढे ठेवला. ती कागद घेऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली, ‘‘काका, हे खरे असेल तर मी जाऊ कशाला?’’ एका मुलीच्या आयुष्याचा निर्णय ज्या हिशोबावर ठरणार, तो हिशोब ओळीओळीने तपासलाच पाहिजे. पुढचे सगळे भाव २०२४ चे आहेत आणि पौंड १०७ रुपयांचा धरला आहे.

पहिला मुद्दा निर्देशांकाचा. असे आकडे ज्या संकेतस्थळावरून उचलले जातात, त्या नंबिओवर २००९ पासून वाचकच आपापल्या शहरातले भाव नोंदवत आले आहेत. त्यात न्यूयॉर्क १०० धरतात आणि इतर शहरे त्या मानाने मोजतात. संदेश लिहिणाऱ्याने न्यूयॉर्क आणि बडोदे यांचे गुणोत्तर काढले आणि ते लंडनला लावले. २०२४ च्या यादीत लंडन न्यूयॉर्कच्या बरेच खाली होते, ही पहिलीच चूक. दुसरी चूक त्याहून मोठी आहे. ज्याला तिथे राहणीच्या खर्चाचा निर्देशांक म्हणतात, त्यात घरभाडे धरलेलेच नसते. भाड्याचा निर्देशांक वेगळा असतो. आपल्याकडे सरकारी नोकरालासुद्धा शहर बदलले की मुख्यतः घरभाडे भत्ताच बदलून मिळतो (पुणे-अहमदाबादला ३० टक्के, बडोदे-इंदूरला २० टक्के, लहान गावांना १०), कारण शहराशहरांत सर्वांत जास्त फरक घराचाच असतो. तो बाजूला ठेवून दोन शहरांची तुलना करणे म्हणजे लग्नाच्या खर्चातून जेवण वगळण्यासारखे आहे.

शिवाय त्या यादीत वस्तू कोणत्या, हेही पाहावे. त्यात कॅपुचिनो, बिअर, वाइनची बाटली, गोमांस, व्यायामशाळेची वर्गणी आणि जीनची पँट आहे. गुजरात राज्य १९६० साली स्थापन झाले तेव्हापासून इथे दारूबंदी आहे. मग बडोद्याच्या रकान्यात बिअरचा भाव कोणी भरला आणि तो कोणत्या घराच्या महिन्याच्या हिशोबात बसतो? उलट बडोद्याच्या दांडिया बाजार भागातल्या घरात महिनाअखेरीस जे खरोखर खर्च होते, म्हणजे कामवाल्या बाईंचा पगार, सोसायटीचा मेंटेनन्स, मुलांच्या शिकवण्या आणि लग्नसराईतले आहेर, त्यातले काहीही त्या यादीत नाही. निर्देशांक खोटा आहे असे माझे म्हणणे नाही. तो ज्या यादीचा आहे त्या यादीपुरता खरा आहे, आणि ती यादी आपली नाही.

दुसरा मुद्दा जागतिक बँकेचा. वीस रुपयांचा आकडा खरा आहे. मात्र तो ज्या कामासाठी काढला जातो ते काम वेगळे आहे. आंतरराष्ट्रीय तुलना कार्यक्रम हा आता जागतिक बँक चालवत असलेला प्रकल्प संयुक्त राष्ट्रे आणि पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ यांनी १९६८ मध्ये सुरू केला. त्याच्या २०१७ च्या फेरीत क्रयशक्तीच्या हिशोबाने, म्हणजे तोच माल दोन देशांत घ्यायला किती पैसे लागतात या हिशोबाने, एका डॉलरला २०.६५ रुपये आले, तेव्हा बाजारातला दर ६५.१२ रुपये होता. हा दर संपूर्ण देशाच्या सकल उत्पादनासाठी आहे. त्यात सरकारी शाळांचे शिक्षक, रस्त्यांची बांधकामे आणि कारखान्यांतली यंत्रे हे सगळे आले. दोन देशांचे उत्पन्न शेजारी ठेवता यावे म्हणून तो काढतात. त्यात बडोदे शहर वेगळे दिसत नाही आणि कोणाचेही घर दिसत नाही.

त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की क्रयशक्तीचा दर फक्त खर्च झालेल्या पैशाला लागू पडतो. जो पैसा वाचतो आणि घरी पाठवला जातो, त्याला बँक बाजाराचाच दर देते. लंडनमध्ये एखाद्या महिन्यात ५०० पौंड वाचले तर बडोद्याच्या खात्यात ५३,५०० रुपये जमा होतात. संदेशाच्या पद्धतीने पाचाने भागलेले १०,७०० नव्हे. घराचे कर्ज, धाकट्या भावाची फी किंवा आईचे ऑपरेशन या कारणांसाठी ज्यांची मुले बाहेर जातात, त्यांना खर्चाच्या आधी हीच शिल्लक महत्त्वाची वाटते, आणि संदेशात नेमका तिचाच पत्ता नाही. बडोदे संस्थानाने १९१३ मध्ये बाबासाहेब आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात पाठवले तेव्हा विद्यावृत्ती दरमहा साडेअकरा पौंडांची ठरवली होती. परदेशातला हिशोब परदेशी नाण्यात मांडण्याची रीत या शहराला जुनी आहे.

तिसरा मुद्दा केस कापण्याचा, आणि इथे थोडे थांबायला हवे. लंडनमध्ये केस कापायला वीस पौंडांच्या आसपास लागतात, हे बरोबर. पण याच शहरात मोठ्या दुकानातला दुधाचा चार पिंटांचा, म्हणजे सव्वादोन लिटरचा, कॅन साधारण दीड पौंडाला मिळत होता. लिटरला सुमारे ७० रुपये. बडोद्यात त्याच वर्षी मलईदार दुधाची लिटरभराची किंमत ६६ रुपयांच्या आसपास होती. दूध जवळजवळ त्याच भावाने आणि केस कापणे वीसपट, असे का व्हावे?

उत्तर मजुरीत आहे. इंग्लंडमध्ये एप्रिल २०२४ पासून वर्षभर एकवीस वर्षांच्या आणि त्यावरच्या कामगाराला तासाला किमान ११.४४ पौंड देणे कायद्याने बंधनकारक होते. आपल्याकडे एखाद्याला आठ तासांचे ५०० रुपये रोज मिळतो असे धरा, तर तासाचे साडेबासष्ट रुपये झाले. बडोद्यात शंभर रुपयांत केस कापले जातात असे मानले, तर त्या मजुराला त्यासाठी दीड तासाहून थोडे अधिक काम करावे लागते आणि लंडनच्या किमान वेतनवाल्याला पावणेदोन तास. म्हणजे दोघांनाही ते जवळपास सारखेच महाग आहे. दुधाचे मात्र तसे नाही : लंडनच्या कामगाराच्या तासाभराच्या कमाईत सतरा लिटर दूध येते, आपल्या मजुराच्या तासात एक लिटरसुद्धा पुरते येत नाही. जिथे यंत्रांमुळे आणि भांडवलामुळे माणशी उत्पादन जास्त, तिथे मजुरी वाढते, आणि ज्या कामांत यंत्र शिरत नाही त्यांचे भावही तिच्याबरोबर वर जातात. बॅलासा आणि सॅम्युएलसन या अर्थशास्त्रज्ञांनी १९६४ मध्ये हे स्वतंत्रपणे मांडले. आपल्याला बडोद्यात जी स्वस्ताई जाणवते, तिचा मोठा भाग म्हणजे आपली धुणीभांडी करणाऱ्या, आपल्याला रिक्षातून नेणाऱ्या आणि आपल्या इमारतीची राखण करणाऱ्या माणसांचे तुटपुंजे उत्पन्न आहे. ती स्वस्ताई बडोद्यातल्या सगळ्यांची नाही, ती मजुरी देणाऱ्याच्या बाजूला उभे असलेल्यांची आहे. ‘बडोदे स्वस्त आहे’ हे वाक्य राखणदाराच्या तोंडी कधी येत नाही, याचा त्या संदेशात विचारच झालेला नाही.

चौथा मुद्दा महागड्या शहरांच्या याद्यांचा. तो लवकर आटोपण्यासारखा आहे. मर्सर कंपनीच्या यादीत २०१७ मध्ये अंगोलाची राजधानी लुआंडा पहिली होती. त्या यादीवरून बहुराष्ट्रीय कंपन्या आपल्या परदेशी पाठवलेल्या अधिकाऱ्यांचे भत्ते ठरवतात, म्हणून त्यात परक्या साहेबाला लागणारे सुरक्षित घर आणि आयात केलेला माल मोजला जातो. लुआंडाच्या गरीब वस्तीतल्या बाईच्या बाजारहाटाशी त्याचा संबंध नाही. सिंगापूरही अशा याद्यांत वर असते. तिथे मोटार घेण्याच्या नुसत्या परवान्याची किंमत २०२३ मध्ये एक लाख सिंगापुरी डॉलरच्या पुढे गेली होती. पण तिथले सुमारे ८० टक्के रहिवासी सरकारी मंडळाने बांधलेल्या घरांत राहतात आणि लाखो लोक मोटारीशिवाय मेट्रोने कामावर जातात. एकच शहर नव्या परदेशी माणसाला आणि जुन्या रहिवाशाला वेगवेगळे महाग पडते.

पाचवा मुद्दा कराचा. ‘निम्मा पगार जातो’ हे ४०,००० पौंडांवर साफ चूक आहे. पहिल्या १२,५७० पौंडांवर कर नाही. उरलेल्यावर २० टक्के प्राप्तिकर आणि ८ टक्के राष्ट्रीय विमा (पगारातून कापली जाणारी सक्तीची वर्गणी), मिळून सुमारे ७,६८० पौंड, म्हणजे पगाराच्या एकोणीस-वीस टक्के. त्याच्या बदल्यात सरकारी शाळेत मुलांना फी पडत नाही आणि १९४८ पासून चाललेल्या आरोग्यसेवेत दवाखान्याचे बिल येत नाही. बडोद्यात प्राप्तिकर कमी भरून आपण खासगी शाळेची फी आणि आरोग्य विम्याचा हप्ता स्वतंत्रपणे भरतो. त्या दोन्ही पावत्या करासमोर ठेवल्याशिवाय तुलना होत नाही. मात्र व्हिसावर जाणाऱ्याला आरोग्यसेवेसाठी अधिभार म्हणून वर्षाला १,०३५ पौंड, जितक्या वर्षांचा व्हिसा तितक्या वर्षांचे एकदम, आधीच भरावे लागतात. हे त्या संदेशात असायला हवे होते, आणि ‘जा, जा’ म्हणून आग्रह करणाऱ्या एजंटांच्या बोलण्यातही.

आता त्या मुलीचा हिशोब, जो मी तिच्या वडिलांना कागदावर मांडून दिला. हातात येणारा पगार महिना २,६९० पौंड. चौघींच्या घरात एक खोली ९०० ला धरली, प्रवासाला २००, जेवणखाणाला ३५०, वीज, फोन, नगरपालिकेचा कर आणि वरखर्च मिळून ३५०, शिवाय आरोग्य अधिभाराचे महिन्याला ८६. उरतात ८०० पौंड, म्हणजे ८५,६०० रुपये. बडोद्यात सत्तर हजार मिळवणाऱ्याने महिनाभर एक पैसाही खर्च केला नाही तरी त्याच्याकडे इतके उरणार नाहीत. संदेशातली बरोबरी इथे मोडते.

त्याच कागदाच्या मागच्या बाजूला मी दुसरा हिशोब लिहिला. लंडनमधले सरासरी खासगी भाडे त्या वर्षअखेरीस महिना २,००० पौंडांच्या वर होते. लग्नानंतर तिने खोली सोडून एवढ्या भाड्याचे स्वतंत्र घर घेतले, नवऱ्याला नोकरी मिळायला वेळ लागला आणि बाकीचा खर्च एका माणसाचाच धरला, तरी महिनाअखेरीस जवळजवळ ३०० पौंड कमी पडतात. दुसऱ्या माणसाचे जेवण आणि त्याचा अधिभार अजून त्यात आलेलाच नाही. वडिलांनी दोन्ही बाजू वाचल्या आणि विचारले, ‘‘खोली किती वर्षे चालेल?’’ त्या प्रश्नाचे उत्तर तिने द्यायचे आहे.